जुन्या व्हॅनची पेट्रोल टाकी उतरवताना आणि परत चढवताना

टाकी अर्धी असली की काही नाही. पण म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला जायचे म्हणून आदल्या संध्याकाळी फुल्ल करून आणली, की सकाळी मागचा दरवाजा उघडताच पेट्रोलचा भपकारा नाकात शिरायचा. हा वास मी दोन पावसाळे अंगावर काढला. एका गॅरेजमध्ये दाखवले. त्यांनी खालून बॅटरी मारली, टाकी कोरडी आहे म्हणाले आणि एक पाइप बदलून दिला. वास राहिलाच. शेवटी टाकी मी स्वतः उतरवली, तेव्हा कळले की उत्तर त्या वासातच होते. फुल्ल असतानाच वास येतो म्हणजे गळती टाकीच्या वरच्या अंगाला आहे, आणि ते अंग खालून कोणालाच दिसत नाही.

गोव्यात जुन्या व्हॅनच्या टाक्या बहुतेक वरूनच कुजतात. टाकीचा माथा आणि गाडीची फरशी यांच्यात दोन-तीन बोटांची फट असते. चाकांनी उडवलेली तांबडी माती पावसात त्या फटीत जाऊन बसते. डिचोली-साखळीकडच्या खाणींच्या रस्त्यांवर वर्षानुवर्षे फिरलेली गाडी असेल तर विचारूच नका. ती माती मे महिन्यातही आतून ओलसर राहते, आणि किनाऱ्याजवळची गाडी असेल तर तिच्यात मिठाची भर पडते. बाहेरून टाकी काळीभोर, धडधाकट दिसते आणि वर पत्रा कागदासारखा झालेला असतो.

हा लेख मारुती ओम्नीसारखी व्हॅन डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. 1984 साली रस्त्यावर आलेली ही 796 सीसीची गाडी 2019 पर्यंत बनत होती, त्यामुळे आजही आपल्या गावागावांत ती दिसते. दुसरी कुठली जुनी व्हॅन असली तरी कामाचा क्रम हाच. गाडीला एलपीजी किंवा सीएनजी किट असेल तर त्या सिलिंडरला आणि त्याच्या नळ्यांना घरी हात लावू नका. ते काम अधिकृत किटवाल्याचे.

आधी वेळ आणि जागा

पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्यासाठी सामान साठवून ठेवायची, गडबड सुरू होते तेव्हाच, म्हणजे एप्रिल-मेमध्ये, हे काम उरका. चवथीच्या आदल्या आठवड्यात गाडी हवी म्हणून घाईने टाकी उतरवायला बसू नका. बाहेर पाऊस, म्हणून गाडी बंद शेडमध्ये आणि शेजारी पोरांचे फटाके, असा प्रसंग मुळात येऊच द्यायचा नाही. टाकी उतरवणे, धुणे, वाळवणे, रंगवणे आणि चढवणे याला तीन-चार दिवस धरा. मोकळे, सपाट, टणक अंगण हवे. खड्डा असलेले गॅरेज या कामाला सर्वांत वाईट. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती वर जात नाही, पाण्यासारखी जमिनीवरून सरपटते आणि खड्ड्यात साचते.

एवढ्याचसाठी सकाळी काम सुरू करण्यापूर्वी घरात सगळ्यांना सांगून ठेवायचे. न्हाणीतली चूल आज पेटवायची नाही. गाडी तुळशीजवळ असेल तर संध्याकाळचा दिवा त्या दिवशी देवघरातच लावायचा. अंगणाला लागून स्वयंपाकघराची खिडकी असेल तर गॅसचे काम आधी आटोपून घ्यायचे. माझ्या आईला हे सांगताना मला अवघडल्यासारखे झाले होते, पण तिने एका शब्दाने विरोध केला नाही. उलट अगरबत्तीचा पुडाही आत नेऊन ठेवला. बिडी-सिगारेटवाला पाहुणा आला तर त्याला फाटकापाशीच थांबवा. मोबाइल खिशात ठेवून गाडीखाली शिरू नका. उजेडाला वायरचा बल्ब नको, डोक्याला बांधायची बॅटरी बरी आणि तीही बाहेरच चालू करून आत जा.

आता यातली खरी मेख. लोक भरलेल्या टाकीला घाबरतात आणि रिकामी झाली की निर्धास्त होतात. असते उलटे. द्रवरूप पेट्रोल स्वतः पेटत नाही, पेटते ती वाफ, आणि तीसुद्धा हवेत साधारण दीड ते साडेसात टक्के असतानाच. भरलेल्या टाकीत वाफ इतकी दाट असते की आत ठिणगीला पुरेशी हवाच मिळत नाही. टाकी उपसली की आत हवा शिरते आणि नेमके पेटणारे मिश्रण तयार होते. म्हणून उपसलेल्या टाकीजवळ ग्राइंडर नको, ड्रिल नको, गंजलेला बोल्ट तापवायला गॅसची ज्योत नको आणि घरगुती वेल्डिंग तर नकोच नको. दोन किंवा चार किलोचे ड्राय पावडरचे अग्निशामक नळकांडे हाताच्या अंतरावर ठेवा, सोबत रेतीची बादली. पेट्रोलच्या आगीवर पाणी ओतले तर पेट्रोल पाण्यावर तरंगत पसरते. अग्निशमन दलाचा 101 नंबर घरात सगळ्यांना ठाऊक असू दे, आणि गाडीखाली शिरताना कोणीतरी मोठे माणूस बाहेर बसलेले असू दे. माझ्यासोबत माझा भाचा होता.

हत्यारे आणि सामान

10, 12 आणि 14 नंबरचे रिंग पाने व गोटी पाने, एक्स्टेन्शन रॉड, पक्कड, स्टारचा मजबूत स्क्रू ड्रायव्हर, ट्रॉली जॅक, दोन लोखंडी स्टँड, प्लायवूडचा दोन फूट लांब तुकडा, हाताने दाबायचा सायफन पंप, नायट्राइलचे हातमोजे, चष्मा. झाकण घट्ट बसणारे लोखंडी कॅन. विना परवाना घरी पेट्रोल ठेवण्याची कायद्याची मर्यादा 30 लिटर आहे आणि लोखंडी भांडे 25 लिटरपेक्षा मोठे चालत नाही. ओम्नीच्या टाकीत सुमारे 35 लिटर मावते, म्हणून आधीच्या आठवड्यात गाडी फिरवून पेट्रोल पाच-सात लिटरवर आणा.

नवीन सामान आधीच आणून ठेवा: फ्लोट युनिटचे (टाकीत तरंगून पेट्रोलची पातळी काट्याला कळवणाऱ्या भागाचे) गॅस्केट, पेट्रोलच्या नळ्या, क्लॅम्प, फिल्टर. नळ्यांबाबत काटकसर करू नका. आज पंपावर मिळते ते 20 टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल. जुन्या गाड्यांचे रबर त्या हिशेबाने बनलेले नाही. ते फुगते, मऊ पडते आणि मग चिरते. नळीवर तिचा दर्जा छापलेला असतो. कार्बोरेटरच्या गाडीला एसएई आर7 छापलेली नळी पुरते, पण इथेनॉलचा विचार करता मी आर9 वापरतो. एमपीएफआय, म्हणजे कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल फवारणाऱ्या, गाडीत दाब जास्त असतो, तिथे आर9 लागतेच. पंप टाकीच्या आत असेल तर पेट्रोलात बुडून राहणारा नळीचा तुकडा आर10 प्रकारचा हवा. आर9 आतून टिकते, बाहेरून पेट्रोलात बुडवली तर टिकत नाही.

आणि चिरे! आपल्याकडे जॅक लावला की खाली चिरा सरकवायची सवय सगळ्यांना आहे. भिंतीत चिरा सगळीकडून दाबला जातो म्हणून तो टिकतो. गाडीचे वजन एका कोपऱ्यावर आले की तोच चिरा काही न सांगता फुटतो. ज्या गाडीखाली माणूस झोपणार, तिच्याखाली लोखंडी स्टँडच हवेत.

दोन दिवस आधी

दोन दिवस आधीपासून सकाळ-संध्याकाळ सगळ्या बोल्टांवर गंज सोडवणारे तेल मारा. टाकी कशी अडकवली आहे तेही तेव्हाच बघून घ्या. काही गाड्यांत टाकीच्या कडेच्या ओठाला बोल्ट असतात, काहींत खालून दोन पट्टे. मग गाडीचे पोट प्रेशरच्या पाण्याने धुऊन काढा, टाकीच्या वरच्या फटीत जितके पाणी जाईल तितके मारा. ही पायरी गाळली तर ती सगळी माती तुमच्या डोळ्यांत आणि उघड्या नळ्यांच्या तोंडात पडेल.

उपसणे

एमपीएफआय गाडीत आधी लाइनीतला दाब काढावा लागतो. पेट्रोल पंपाचा फ्यूज किंवा रिले काढा, इंजिन चालू करा, ते आपोआप बंद पडेल, मग दोनदा स्टार्टर मारा. कार्बोरेटरच्या गाडीला हे नको. त्यानंतर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून बाजूला बांधून ठेवा. टाकीचे झाकण उघडून परत लावा, म्हणजे आतला कोंडलेला दाब जाईल.

ड्रेन प्लग असेल तर त्याच्याखाली कॅन आणि लोखंडी फनेल ठेवून तो हळू सैल करा. प्लग नसेल तर सायफन पंप. तोंडाने नळी ओढून पेट्रोल काढायची पद्धत कायमची सोडून द्या. एक घोट फुप्फुसात गेला तर थेट इस्पितळ. कॅन आणि टाकी यांच्यात दोन्ही टोकांना क्लिप असलेली एक वायर जोडा, म्हणजे वाहत्या पेट्रोलाने साचणारी स्थिर वीज ठिणगी न पाडता निघून जाईल. प्लास्टिकची बादली याच कारणासाठी नको. प्लग काढल्यावर त्याचा वायसर टाकून द्या, नवीन घाला.

चांगले पेट्रोल गाळून पुन्हा वापरता येते. तळाचे गंजाळ पाणी मिसळलेले लिटरभर पेट्रोल मात्र माडाच्या आळ्यात किंवा गटारात ओतू नका. आपली तांबडी जमीन सच्छिद्र आहे, आज ओतलेले उद्या विहिरीत उतरते. त्या वासाचे पाणी पिता येत नाही आणि विहीर उपसली तरी वास लवकर जात नाही. ते बंद डब्यात भरून, जळके ऑइल गोळा करणाऱ्याकडे द्या.

गाडी उचलणे आणि टाकी सोडवणे

हँडब्रेक, पहिला गियर, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे. मग मागून उचलून स्टँडवर बसवा. टाकी आडवी सरकून बाहेर येईल एवढी उंची हवी, दीड फूट तरी. स्टँडवर बसवल्यावर गाडी हाताने हलवून बघा. ती डुगडुगली तर खाली घेऊन परत बसवा.

आता नळ्या. प्रत्येक नळीला आणि वायरला रंगीत चिकटपट्टी लावा. तीच पट्टी टाकीच्या त्या तोंडालाही. पेट्रोल नेणारी, परत आणणारी आणि हवेची, अशा निदान तीन नळ्या असतात. नेणारी आणि परतीची उलटसुलट लागली तर गाडी सुरू होईल, चार पावले जाईल आणि पेट्रोलावाचून बंद पडेल. जुनी नळी ओढून निघत नाही. पिळली तर धातूचे तोंडच वाकते. नळी बदलायचीच आहे, तर ब्लेडने लांबीच्या दिशेने अलगद चीर द्या, ती उमलून सुटते. गाडीच्या बाजूच्या नळीतून पेट्रोल ठिबकत राहते, तिच्यात 8 मि.मी.चा एक स्वच्छ बोल्ट खुपसून ठेवा. पेट्रोल भरायच्या जाड नळीचे दोन्ही क्लॅम्प सोडा.

जॅकवर प्लायवूड ठेवून तो टाकीला नुसता टेकेल इतका वर घ्या. बोल्ट सोडताना आधी किंचित आवळा, मग सोडा. गंजाची पकड त्याने तुटते. कर्णाने एकेक सैल करत जा आणि शेवटचे दोन चार आटे शिल्लक ठेवा. जॅक वीतभर खाली घ्या. आता टाकीच्या माथ्यावरून हात जाईल. फ्लोटचा वायर कनेक्टर आणि वरच्या नळ्या या फटीतूनच निघतात. इथे घाई करणारा वायर तोडून बसतो. सगळे सुटले याची दोघांनी वेगवेगळी खात्री केल्यावरच शेवटचे दोन बोल्ट काढा. आत 10 लिटर पेट्रोल राहिले असेल तर साडेसात किलो वजन एका कोपऱ्यात डुचमळते आणि टाकी अचानक एका अंगाला कलंडते.

आमची टाकी खाली आली तेव्हा भाचा म्हणाला, "मामा, वर तर शेतच आहे." माथ्यावर बोटभर जाडीचा तांबड्या मातीचा थर, त्यात काजूची वाळलेली पाने आणि मुंग्यांचे घर. तो थर लाकडी पट्टीने उचलला, तर त्याला चिकटून पत्र्याचा पापुद्रा पापडासारखा सुटून आला. फ्लोट युनिटच्या शेजारी, टाचणीच्या डोक्याएवढी तीन छिद्रे होती. दोन वर्षांचा वास त्या तिघांतून येत होता.

टाकी ठेवायची की बदलायची

पत्रा अंगठ्याने दाबा. दबला किंवा कुरकुरला, तर टाकी संपली. शिवणीवर गंज फुगलेला असेल तरीही संपली. अशी टाकी लिंपून-सांधून वापरणे म्हणजे पैसे आणि जीव दोन्ही पणाला लावणे. नवीन किंवा चांगली वापरलेली टाकी घ्या. एखादे छिद्र आणि बाकी पत्रा ठणठणीत असेल, तर टाक्या आणि रेडिएटर दुरुस्त करणाऱ्या अनुभवी माणसाकडे न्या आणि टाकी पेट्रोलची आहे हे स्वतःच्या तोंडाने सांगा. कपडे धुण्याचा साबण गळतीवर घासला तर ती थांबते हे खरे, कारण साबण पेट्रोलात विरघळत नाही. पण तो वाटेतल्या अडचणीपुरता. घरी पोचेपर्यंत.

बरी टाकी आतून धुण्यासाठी गरम पाणी आणि कपड्यांची पावडर घालून, गच्च भरून, ओतून, असे निदान तीन वेळा करा, पेट्रोलचा वास पूर्ण जाईपर्यंत. त्यानंतरच, आधी मुळीच नाही, गंज निघण्यासाठी आत मूठभर नट घालून टाकी हलवा. मग पांढरा व्हिनेगर भरून रात्रभर ठेवा. शेजारच्या काकांनी माडाचा शिर्को, म्हणजे घरगुती व्हिनेगर, सुचवला होता. त्यात गाळ असतो, तो लोणच्यालाच ठेवा. व्हिनेगर काढल्यावर खाण्याच्या सोड्याचे पाणी फिरवा, स्वच्छ पाण्याने धुवा आणि लगेच कडक उन्हात ठेवा. पूर्ण वाळल्यावर अर्धा लिटर पेट्रोलात दोन चमचे इंजिन ऑइल घालून आतून फिरवा, नाहीतर आपल्या दमट हवेत एका रात्रीत पुन्हा तांबूस थर धरतो.

वाळत असताना सगळी तोंडे जाळीच्या कापडाने बांधा. कुंभारीण माशी दोन दिवसांत नळीच्या तोंडात मातीचे घर करते, आणि ते ढेकूळ पुढे थेट फिल्टरमध्ये.

गळती तपासायची ती टाकीत पेट्रोल घालण्यापूर्वीच, म्हणजे हे ऑइल घातलेले पेट्रोल फिरवण्याआधी. तोंडे बुचांनी बंद करून सायकलच्या हातपंपाने दोन-तीन दट्टे हवा द्या आणि शिवणींवर साबणाचा फेस लावा. कॉम्प्रेसर लावू नका, टाकी फुगून तिचा आकार जातो.

बाहेरून तारेचा ब्रश, रेड ऑक्साइडचा हात आणि त्यावर काळ्या इनॅमलचे दोन हात. माथ्यावर तिसरा. जुने स्पंजचे पॅड फेकून द्या, ते पाणी धरून ठेवतात. त्यांच्या जागी भरीव रबराच्या पट्ट्या लावा आणि त्या गाडीच्या लांबीच्या दिशेने लावा, म्हणजे माती-पाण्याला मागे निघून जायला वाट राहते. आडव्या पट्ट्या बांध घातल्यासारखे पाणी अडवतात. गाडीच्या फरशीचा खालचा भागही आताच रंगवून घ्या, पुन्हा तिथे ब्रश पोचणार नाही.

फ्लोट युनिट

पाच-सहा स्क्रू काढून हे युनिट बाहेर येते. स्क्रू अडले तर नीट बसणारा ड्रायव्हर हलक्या हातोडीने ठोकून मग फिरवा. युनिट वाळवून, टाकीपासून लांब नेऊन, वायर जोडून चावी चालू करा आणि फ्लोट हाताने वर-खाली करा. काटा त्याबरोबर सरकला तर ठीक. गॅस्केट नवीन आणि कोरडेच बसवा. सिलिकॉनचा लेप देऊ नका. पेट्रोलात ते सुटते आणि त्याचे तुकडे फिल्टर व जेट अडवतात. स्क्रू समोरासमोरचे आवळत जा, ड्रायव्हर बोटांनी धरून, मनगटाचा जोर न लावता.

चढवणे

नवीन नळ्यांचे जे तुकडे वरच्या तोंडांना लागतात ते टाकी खाली असतानाच बसवा. भरायची जाड नळी टाकीच्या टोकावर आधी चढवा, क्लॅम्प सैल ठेवून. जॅकवर टाकी वीतभर खाली राहील इतकी उचला, वायर कनेक्टर आणि वरच्या नळ्या जोडा, भाच्यासारखे कोणीतरी बाजूने बघत असू द्या, आणि मगच शेवटची वीत चढवा. हवेची नळी कुठे मुडपली नाही ना, हे बोट फिरवून बघा. ती मुडपली तर पंपावर नोझल सारखे टकटक बंद पडते आणि पेट्रोल उसळून बाहेर येते.

सगळे बोल्ट आधी हाताने चार-चार आटे लावा, मग कर्णाने आवळा. 12 नंबरच्या डोक्याच्या बोल्टला साधारण 20 न्यूटन-मीटर पुरते. आट्यांना थोडे ग्रीस लावा, पुढच्या वेळी तुम्हीच दुवा द्याल. फ्लोटची अर्थिंग वायर जिथे बसते तो पत्रा घासून चकचकीत करा. नव्या रंगावर ती बसली तर काटा उगीच रिकामा दाखवतो.

तपासणी

गाडी खाली घेण्यापूर्वी पाच लिटर पेट्रोल घाला आणि टाकीखाली कोरडे पुठ्ठे पसरा. अर्ध्या तासाने बघा. ठिपका नसेल तर बॅटरी जोडा. एमपीएफआयला चावी तीन-चार वेळा चालू-बंद करून लाइन भरू द्या. कार्बोरेटरला पेट्रोल वर यायला वेळ लागतो, दहा-दहा सेकंद स्टार्टर मारा, मध्ये मिनिटभर विश्रांती द्या. इंजिन चालू ठेवून प्रत्येक सांध्यावर कोरडा कागद फिरवा.

एवढ्यावर काम संपले असे समजू नका, कारण वरच्या अंगाची परीक्षा अजून झालेलीच नाही. गाडी फिरवून पेट्रोल फुल्ल करा आणि रात्रभर अंगणात उभी करा, तीही थोडी उतारावर, आधी एका बाजूने, दुसऱ्या रात्री उलट बाजूने. सकाळी दरवाजा उघडून वास घ्या. आमच्या गाडीत पहिल्या सकाळी किंचित वास आला. भरायच्या नळीचा वरचा क्लॅम्प अर्धा आटा सैल होता. तो आवळला, दुसऱ्या दिवशी काही नाही.

पन्नासेक किलोमीटर झाल्यावर सगळे क्लॅम्प पुन्हा एकदा बघा, नवीन रबर थोडे बसते. फिल्टर पहिल्या महिन्याने बदला, धुऊनही राहिलेला गंज त्यातच येतो. आणि दर वर्षी पाऊस सरला की, दसऱ्याला गाडी धुताना, पाण्याची नळी टाकीच्या वरच्या फटीत पाच मिनिटे धरा. खाली येणारे पाणी तांबडे असेतोवर ती काढू नका.